गेल्या तीन महिन्यांत रक्त दिले आहे का?

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो. माझ्या मुलीनं रक्तात काही गडबड केली नव्हती. ज्या समितीनं तिची चौकशी केली, तिनंच तसं कागदावर लिहून दिलं आहे. तरीही ती दोन वर्षं पळू शकत नाही. स्पर्धेत नाही, मैदानावर नाही, आणि ज्या सरांनी तिला घडवलं त्यांच्या हाताखालीही नाही. हे कसं झालं असं विचारणारे पुष्कळ भेटतात. नातेवाईक विचारतात, कात्रजला आमच्या रांगेतले दुकानदार विचारतात. मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. इथे एकदाच, झालं तसं लिहितो.

माझा धंदा जुन्या हॉटेल-सामानाचा. कुठे हॉटेल बंद पडणार अशी कुणकुण लागली की मी तिथे जाऊन चहा पितो. मालकाचा चेहरा बघतो, फ्रीजरचा आवाज ऐकतो. मग भट्ट्या, स्टीलची टेबलं, पातेली, फ्रीजर उचलतो, घासूनपुसून नवीन हॉटेल काढणाऱ्याला विकतो. पुण्यात नवीन हॉटेल काढणाऱ्यांना कधी तोटा नाही. वाशीमकडून मी अठराव्या वर्षी इथे आलो तेव्हा स्वारगेटजवळच्या एका खानावळीत भांडी घासायचो. पुढे ती खानावळ बंद पडली तेव्हा तिची भांडी मीच विकत घेतली, आणि मालकानं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात घेतली.

या धंद्यात माझी एक रीत आहे. मालातली खोट विचारल्याशिवाय सांगायची नाही. गिऱ्हाइकानं विचारलीच, तर आधी बारकी खोट सांगायची, दाराचं रबर सैल आहे वगैरे. मोठी खोट शेवटपर्यंत हातात ठेवायची. सौदा मोडतोय असं दिसलं की तीच पुढे करायची आणि म्हणायचं, "हे बघा, तुमच्यापासून काही लपवलं नाही. आता तुम्हीच समजून घ्या." माणूस विरघळतो. तीस वर्षांत ही रीत मला कधी महागात पडली नव्हती.

मुलगी लांब पल्ल्याची धावपटू आहे, पाच आणि दहा हजार मीटरची. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताची सोय करा. त्या दिवशी मी मोटारसायकलवरून चार रक्तपेढ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी 'आधी बदली रक्तदाता आणा' म्हणाले, दुसरीकडे तो गट नव्हता. मी काउंटरवरच्या माणसाशी भांडलो, मग त्याच्या पाया पडलो. पिशव्या घेऊन परत आलो तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं त्या माझ्या हातातून घेतल्या नाहीत.

तेव्हापासून तिच्या पुण्यतिथीला मी दुकानासमोर मांडव घालून रक्तदान शिबिर घेतो. रक्त देणाऱ्याला स्टीलचा एक डबा देतो, कोरा करकरीत, जुन्या मालातला नव्हे. पहिली पिशवी आमच्या घरची असायची. आधी माझी. मुलगी अठरा वर्षांची झाल्यापासून पहिली तिची, दुसरी माझी. मला साखरेसाठी इन्सुलिन चालू आहे. शिबिराच्या अर्जावर तसा प्रश्न असतो आणि इन्सुलिनवाल्याचं रक्त घेत नाहीत, हेही मला माहीत आहे. मी दरवर्षी 'नाही'वर खूण करायचो. यजमानानंच रक्त दिलं नाही तर बाकीचे कशाला देतील?

मुलीचे सर फौजेतून निवृत्त झालेले, मूळ साताऱ्याकडचे. विश्रांतवाडीला मैदानावर शिकवतात. रक्तदान म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "रक्तदान-बिक्तदान काय न्हाय. हंगामात थेंबभर भाईर गेलं तर माझ्याशी गाठ हाय." मुलगी मान हलवायची आणि गुपचूप रक्त द्यायची. एरवी शिबिर हंगाम संपल्यावर यायचं, म्हणून निभावलं. त्या वर्षी स्पर्धा पुढे सरकली आणि शिबिर नेमकं मध्ये आलं.

शिबिराच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, यंदा नको. सरांना कळलं तर ओरडतील. आणि दम लागतो हो नंतर बरेच दिवस."

मांडवात माणसं जमली होती. मी तिला म्हणालो, "आईपेक्षा सर मोठे झाले का?"

ती जाऊन खाटेवर आडवी झाली आणि हात पुढे केला.

नऊ दिवसांनी सकाळी मैदानावर उत्तेजक तपासणीवाले आले, एक बाई आणि एक माणूस, हातात थंड पेटी. आधी सांगून येत नाहीत ते. त्यांनी मुलीचं रक्त घेतलं आणि एक अर्ज भरायला दिला. अर्जात एक प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत अपघात, आजार किंवा रक्तदानामुळे रक्त गेले आहे का? सर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तिनं 'नाही'वर खूण केली.

त्यानंतर ती साडेतीन आठवडे कुन्नूरला डोंगरात सरावाला गेली. उंचावर हवा विरळ असते, शरीर जास्त रक्त तयार करतं, म्हणून धावपटू तिकडे जातात. त्यात बेकायदा काही नाही. तिथून परतल्यावर स्पर्धेच्या तोंडावर पुन्हा रक्त घेतलं गेलं. ती स्पर्धा ती जिंकली. मी रांगेतल्या सगळ्या दुकानांत पेढे वाटले.

दोन महिन्यांनी त्या तपासणीच्या संस्थेचं पत्र आलं. मला इंग्रजी रेटून बोलता येतं, पण असलं पत्र वाचता येत नाही. मुलीनं दुकानात एका फ्रीजरच्या झाकणावर कागद पसरले आणि वाचून मला मराठीत सांगितलं. धावपटूंच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. नाव न सांगता ती नोंद तीन तज्ज्ञांना दाखवतात. तज्ज्ञांचं म्हणणं असं की, पहिल्या वेळी रक्त कमी झालेलं आणि कोवळ्या पेशी वाढलेल्या, म्हणजे कुणीतरी रक्त काढून घेतल्यासारखं. दुसऱ्या वेळी रक्त भरपूर, म्हणजे काढलेलं परत भरल्यासारखं. काही खेळाडू असं करतात. रक्त काढून थंडीत जपून ठेवायचं आणि शर्यतीच्या आधी स्वतःलाच चढवायचं.

मी हसलो. म्हणालो, "बरं झालं, तू कागद फ्रीजरवर ठेवलेस. कुणी बघितलं तर म्हणतील, यातच ठेवलं होतं."

ती हसली नाही. म्हणाली, "शिबिर, बाबा. शिबिरामुळे दिसतंय ते. सांगून टाकू."

"आणि अर्जावर 'नाही' लिहिलंस त्याचं काय?"

"चुकलं म्हणून सांगू. सर उभे होते, मी घाबरले. हेच सांगू."

"म्हणजे पहिल्याच भेटीत आपण खोटारडे. मग पुढचं काय ऐकणार आहेत ते तुझं?"

तिला ते पटलं नव्हतं. पण बोलाचाली मी करायच्या आणि पळायचं तिनं, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी होती. सायकलच्या दुकानापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांशी तिच्यासाठी मीच भांडलो होतो, आणि बहुतेक वेळा जिंकलो होतो. ती म्हणाली, "बघा तुम्ही," आणि सरावाला गेली.

मी नारायण पेठेतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. साठीच्या, खेळाडूंची प्रकरणं बघणाऱ्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"यात रक्त कमी होण्याचं कारण द्यावं लागेल. आपल्याकडे आहे का?"

"कारणं काय, पुष्कळ असू शकतात," मी म्हणालो.

"अहो, असू शकतात ती मलाही माहीत आहेत. झालेलं कोणतं?"

मग त्यांनीच विचारलं, "मुलींच्या बाबतीत पाळीत जास्त रक्त जाणं हे एक कारण असतं. तसा काही त्रास?"

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिला असा त्रास झाला होता. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन-तीन महिन्यांत थांबला. ती चिठ्ठी घरात फाइलला होती. "आहे ना," मी म्हणालो.

"सध्या आहे?"

"ते काय, अधूनमधून चालूच असतं."

"मुलीशी बोलायला हवं मला."

"ती लाजते हो. मी सगळं नीट सांगतो तुम्हाला."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्या हिशोबानं यात खोटं काही नव्हतं. त्रास झाला होता, चिठ्ठी खरी होती. माल जुना होता, एवढंच. बारकी खोट आधी दाखवायची, रक्तदान हातात ठेवायचं. हे कारण चाललं तर उत्तम. नाहीच चाललं तर शेवटी रक्तदान काढू, म्हणजे ते म्हणतील, बघा, बिचारी घाबरली होती. मी हे सगळं स्वारगेटच्या सिग्नलला उभा असताना ठरवलं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं.

ती चिठ्ठी जोडून उत्तर तयार झालं तेव्हा मुदत संपायला एक दिवस उरला होता. मी कागद घेऊन विश्रांतवाडीला मैदानावर गेलो. ती फेऱ्या मारत होती. घामानं निथळत आली. मी मोटारसायकलच्या सीटवर शेवटचं पान ठेवलं.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"वकिलांनी लिहिलंय. इथे सही कर, कागद भिजवू नकोस."

तिनं हात टी-शर्टला पुसला आणि सही केली.

उत्तर त्यांना पटलं नाही. तज्ज्ञांनी म्हटलं, त्रास जुना दिसतो आणि एवढा फरक त्यानं पडत नाही. मग आरोपपत्र आलं. त्या दिवसापासून ती निलंबित. सरांचा फोन आला. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, तिच्याशीच बोलले. "पोरी, मैदानावर येऊ नकोस आता. नियम हाय. मला वाईट वाटतंय, पर येऊ नकोस."

आरोपपत्रात एक सवलत होती. चार वर्षांची बंदी येऊ शकते, पण वीस दिवसांत गुन्हा मान्य करून शिक्षा घेतली तर एक वर्ष कमी. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, ही माणसं माझ्या भाषेत बोलतायत.

"घेऊन टाक," मी मुलीला म्हणालो. आम्ही जेवायला बसलो होतो. "चारची तीन म्हणतायत. वकीलबाईंना सांगून अजून थोडं खाली आणता येईल. तीन वर्षांनी तू सव्वीसची असशील. काय बिघडतं?"

"कशाचं घेऊन टाकू?"

"सवलतीचं."

"मी केलंच नाही, तर सवलत कशावर घेऊ?"

"अगं, केलं-नाही केलं कोण बघतो? शेवटी किती वर्षं, एवढंच उरतं."

तिनं ताट सरकवलं. "मला कुणी विचारलं ना, तर मला सांगायचंय की मी नाही केलं. तीन वर्षांनीही सांगायचंय. मान्य केलं तर ते कसं सांगू?"

मी चिडलो. बरंच बोललो. तिच्यासाठी केलेलं सगळं काढलं, बूट, खुराक, डोंगरातली शिबिरं. ती उठून हात धुवायला गेली. वीस दिवस मी रोज तो विषय काढला आणि रोज हरलो. माझ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

सुनावणीच्या आधी वकीलबाईंनी सगळ्या कागदांचा गठ्ठा तिला परस्पर पाठवला. मी दुकानात एका चायनीजवाल्याला भट्टी दाखवत होतो, तेव्हा ती आली. त्या माणसाच्या देखतच कागद माझ्यासमोर धरला.

"हे काय लिहिलंय, बाबा?"

मी चायनीजवाल्याला म्हणालो, जरा फिरून या. तो गेला.

"माझ्या पाळीबद्दल तुम्ही वकिलांना सांगितलंत? मला न विचारता? आणि तेही दोन वर्षांपूर्वीचं, आत्ताचं म्हणून?"

"आत्ताचं असं कुठेच म्हटलेलं नाही. वाच नीट. 'त्रास होत असतो' म्हटलंय."

"होत नसतो. थांबलाय तो. तुम्हाला माहीतही आहे." तिचा आवाज चढला नव्हता, मला तेच जास्त लागलं. "सगळ्यांनी वाचलं हे. तीन तज्ज्ञ, ती संस्था. आता समिती वाचणार. आणि खाली सही माझी."

"हे बघ, आता माघार घेतली तर उलटं दिसेल. तू तेवढं धरून ठेव. अगदी वेळ आली तर रक्तदानाचं मी काढतो. अजून ते हातात आहे आपल्या."

"कुणाच्या हातात?" ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

सुनावणी संगणकावर झाली, वकीलबाईंच्याच ऑफिसात बसून. पडद्यावर तीन चौकोन: एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर, एक माजी खेळाडू बाई. चौथ्यात संस्थेचा वकील. मुलगी आणि वकीलबाई कॅमेऱ्यासमोर, मी बाजूच्या खुर्चीत. आत जाण्याआधी वकीलबाईंनी मला बजावलं होतं, "तुम्ही बोलायचं नाही. विचारलं तरच. हे भांड्यांचं दुकान नाही."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच त्या त्रासाबद्दल विचारलं. पाळी कधी येते, किती दिवस, त्या महिन्यात काय झालं होतं. मी मुलीकडे बघत होतो. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"त्या महिन्यात असं काही झालं नव्हतं," ती हिंदीत म्हणाली. "तो त्रास दोन वर्षांपूर्वी थांबला. उत्तरात लिहिलंय ते बरोबर नाही."

वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मग मुलीनं शिबिराचं सांगितलं. आईची पुण्यतिथी, मांडव, पहिली पिशवी, सरांची भीती, अर्जावरची खूण. कुठेही रडली नाही. जे मी चार महिने हातात दाबून ठेवलं होतं ते तिनं पाच मिनिटांत टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासाठी काही मागितलंही नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "मग हे उत्तर कुणी लिहिलं? ही माहिती कुणी दिली?"

वकीलबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याच्या नजरेपासून हातभर अंतरावर होतो. खुर्ची जरा पुढे ओढली असती तर पडद्यात दिसलो असतो.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, तो क्षण हा. मी गिऱ्हाइकाशी बोलताना कधी अडलो नाही. पोलिसांशी अडलो नाही, पालिकेच्या माणसांशी अडलो नाही. तिथे अडलो. डोक्यात हिशोब चालू झाला: माहिती मी दिली म्हटलं तर पुढे काय विचारतील, डॉक्टर अडचणीत येतील का, वकीलबाई हात वर करतील का, आत्ता बोललं बरं की नंतर लिहून दिलेलं बरं. हिशोब पुरा व्हायच्या आत मुलगी बोलली.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "मी वाचून करायला हवी होती."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आठवड्याभरानं रक्तपेढीची नोंदवही समितीपुढे गेली. तिचं नाव, तारीख, वेळ, पिशवीचा क्रमांक, सगळं जागच्या जागी होतं. पहिल्याच दिवशी मागितली असती तर पहिल्याच दिवशी मिळाली असती. मीच त्या पेढीच्या लोकांना दरवर्षी पुलाव खायला घालतो.

निकाल आला. पहिल्या नमुन्याचं कारण रक्तदान आणि दुसऱ्याचं डोंगरातला सराव, हे त्यांनी मानलं. रक्ताचा आरोप सिद्ध झाला नाही. पण जुनी चिठ्ठी आत्ताची म्हणून देणं आणि चौकशीची दिशाभूल करणं हा वेगळा गुन्हा, आणि त्याची शिक्षा ठरलेली. खेळाडूनं स्वतःहून खरं सांगितलं म्हणून कमी करून दोन वर्षं.

मी वकीलबाईंच्या टेबलावर हात आपटला. "हा कुठला न्याय? मूळ चोरी नाही म्हणता, आणि शिक्षा देता? अर्जावर एक खूण चुकली त्याचं काही नाही, आणि एका चिठ्ठीवरून पोरीचं वाटोळं?"

"अर्जावर खूण केली ती बावीस वर्षांची मुलगी होती, मागे प्रशिक्षक उभा होता. ते त्यांना समजलं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी दिली ती विचार करून दिली. तेही त्यांना समजलं. फक्त कुणी दिली ते समजलं नाही. टेबल सागवानी आहे, हळू."

"तुम्हाला तर समजलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, आणखी काही राहिलंय का. याच खोलीत. तुम्ही याच खुर्चीत होता."

जिना उतरताना मी त्यांना मनात बऱ्याच शिव्या दिल्या. समितीला दिल्या, सरांना दिल्या. ते खांद्यावरून वाकले नसते तर ती खूण 'हो'वर पडली असती. अजूनही देतो. माणसाच्या पोरीचं रक्त तपासायचं, ते शुद्ध निघालं तरी तिला घरी बसवायचं, यातला शहाणपणा मला आजही कळलेला नाही. वर्षानुवर्षं सुया टोचून घेणारे सुटतात असं सरच सांगायचे. पण शिव्या देऊन झाल्या की ती खुर्ची आठवते. हातभर अंतर होतं.

मुलगी भांडली नाही. कामापुरतं बोलायची. गॅस संपलाय, दूध आणलंय. बंदीतल्या खेळाडूला मैदानावर, सराव-शिबिरात, सरांबरोबर सराव करता येत नाही, म्हणून सकाळी एकटी कात्रजच्या घाटाकडे पळायला जायची. आधी सर वेळ मोजायचे. आता हातातल्या घड्याळात स्वतःच मोजायची. घरी आली की आकडा कुणाला सांगायची नाही. एकदा मी विचारलं, "किती लागले?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? कमी करून घेणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नारायण पेठेत गेलो. वकीलबाईंना म्हणालो, अपील करायचंय, आणि मला प्रतिज्ञापत्र द्यायचंय की उत्तर माझं होतं. तिला वाचू न देता सही घेतली, तेही त्यात लिहा. त्यांनी मला लिहायला कोरे कागद दिले. मी चार पानं लिहिली. त्यांनी वाचली आणि दोन पानांवर आडवी रेघ मारली.

"हे काय काढलंत?" मी म्हणालो.

"तुमचे कष्ट, तुमचा धंदा, समिती कशी चुकली ते, आणि बंदी निम्मी करावी ही विनंती. अहो, तुम्ही कबुली देताय की सौदा करताय?"

उरलेली दोन पानं मी पुन्हा लिहिली, तेव्हा ती एकच झाली. त्यावर सही केली. डॉक्टरांची चिठ्ठी मीच फाइलमधून काढून दिली, त्यांचा यात दोष नाही, हेही लिहिलं. घरी मुलीला प्रत दिली. तिनं ती सगळी वाचली, सहीसकट. घडी घातली आणि तिच्या बुटांच्या कपाटात ठेवली. अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. वकीलबाई म्हणतात, फार आशा धरू नका, आणि मी धरली आहे.

मध्ये पुण्यतिथी आली. यंदा शिबिर घ्यावं का, असं मला वाटत होतं. मुलीनंच मांडववाल्याला फोन केला. सकाळी टेबलं लागली, डबे आले, रक्तपेढीची माणसं आली. पहिला अर्ज तिनं घेतला आणि खुर्चीत बसून एकेक प्रश्न बोटानं वाचत भरला. इतका वेळ लावला की मागे रांग लागली. टेबलावरच्या मुलीनं तिला ओळखलं होतं.

"ताई, तुम्ही त्या पळणाऱ्या ना? चालतं का तुम्हाला रक्त दिलेलं?"

"सध्या चालतं," ती म्हणाली आणि खाटेवर जाऊन आडवी झाली.

दुसरा अर्ज माझा. नाव, वय, वजन. मग तो प्रश्न आला, इन्सुलिनचा. रांगेत माझ्यामागे आमच्या लायनीतला टायरवाला होता. तो म्हणाला, "चला शेठ, आटपा. दरवर्षीचंच आहे."

मी 'हो'वर खूण केली.

टेबलावरच्या मुलीनं अर्ज बघितला. "काका, तुम्हाला इन्सुलिन चालू आहे? मग नाही घेता येणार."

"मागच्या वर्षी घेतलं होतं की," टायरवाला म्हणाला.

"मागच्या वर्षी मी 'नाही' लिहिलं होतं," मी म्हणालो.

त्या मुलीनं अर्जावर तिरकी रेघ मारली आणि टायरवाल्याला पुढे बोलावलं. टायरवाला म्हणाला, "शेठ, तुम्हीच असं केलंत तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून बसला. मला त्याचाही राग आला. मी बाजूला झालो.

खाटेवर मुलगी रबरी चेंडू दाबत, सोडत पडली होती. नळीतून रक्त पिशवीत उतरत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. चार महिन्यांत ती माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मग डबापण नाही मिळणार तुम्हाला."

मी तिच्या डोक्याशी स्टूल ओढून बसलो.